सोलापूरचे सभागृह : गल्लीतल्या प्रश्नांची पावणेदोनशे वर्षे

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. गावात आगगाडी यायच्या आधीची, आणि जुन्या गिरणीचा पहिला भोंगा वाजला त्याच्याही पंचवीस वर्षे आधीची. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने ती स्थापन झाली. रहिवाशांना नगरपालिका हवी आहे, अशी सरकारची खात्री पटली तरच तो कायदा एखाद्या गावाला लागू होत असे. म्हणजे कर भरायची तयारी आणि आपले गाव आपण नीट ठेवावे ही इच्छा, एवढे भांडवल तरी गावाने दाखवावे लागे. २०२७ मध्ये या संस्थेला पावणेदोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने अध्यक्षांची, महापौरांची, इमारतींची आणि योजनांची यादी देता येईल, पण ती इतरत्रही मिळते. इथे सांगायचा आहे तो सभागृहाचा इतिहास. गल्लीतले गाऱ्हाणे जिथे उभे राहून मांडले जाते आणि सगळ्या गावचा प्रश्न होते, ती ही जागा. ती जागती राहिली तेव्हा सोलापूरचे भले झाले. निर्णय तिला वळसा घालून होऊ लागले तेव्हा लोकांना महापालिकेच्या गेटवर घागरी फोडाव्या लागल्या.

सुरुवातीच्या सभासदांत लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हते. सरकारने नेमलेले अधिकारी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी कारभार पाहत. लॉर्ड रिपनचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आणि त्यामागोमाग आलेला मुंबई इलाख्याचा १८८४ चा कायदा यांनी निवडून आलेल्या सभासदांना दार उघडले. मतदार थोडे होते, कर भरणारे तेवढेच. तरीही पेठेचा माणूस पेठेसाठी बोलायला बसला, हे तेव्हापासून. शुक्रवार, मंगळवार, साखर, भवानी, जोडभावी, बेगम, सिद्धेश्वर या पेठा, उत्तर आणि दक्षिण कसबा, बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे आजही पत्त्यात आहेत. प्रत्येकीचा व्यवसाय वेगळा, भाषा वेगळी आणि तक्रारही वेगळी.

पहिली मोठी तक्रार पाण्याची. तीच आजचीही पहिली तक्रार आहे. गावाची भिस्त आड, विहिरी आणि तलावावर असे. अदिला नदीवर बांध घालून एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. पाच वर्षांतच १८७६-७७ चा दुष्काळ आला. तो सोलापूर जिल्ह्याच्या स्मरणातून कधी गेला नाही. एकरुखचे पाणी पंपाने उचलून नळाने शहरात आणण्याची योजना १८८१ च्या सुमारास सुरू झाली आणि सार्वजनिक नळ ही चीज सोलापूरकरांनी प्रथम पाहिली. तेव्हापासून कोणत्या पेठेला किती नळ, कोणत्या गल्लीपर्यंत पाइप, हा वाद सभेत येऊ लागला, आणि तो संपलेला नाही.

दरम्यान १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून कष्टकरी आले. शहराचा पूर्वभाग मागाच्या खटखटीने भरून गेला. चाळी वाढल्या, पण त्यांच्यासाठी गटारे आणि संडास कोणी बांधायचे हे ठरलेले नव्हते. प्लेगच्या साथीने त्याचा हिशेब फार क्रूरपणे मागितला. गुन्हेगार जमाती ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, हाही या शहराचाच भाग होता. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तार निघाली, पण तिथल्या घरांचे, नळांचे आणि जागेच्या हक्काचे प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ रेंगाळले.

या सभेच्या इतिहासात एक दिवस सगळ्यांहून वेगळा आहे. ६ एप्रिल १९३०. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तो हा दिवस, आणि त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. देशातल्या नगरपालिकांत हा मान सोलापूरने पहिल्यांदा मिळवला, असे आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा माणिकचंद शहा अध्यक्ष होते. महिनाभरात, ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले आणि गावाचा संताप उसळला. ९ ते ११ मे या तीन दिवसांत इंग्रजी अंमल शहरात नावालाही उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. झेंडा लावणे हाच गुन्हा ठरला, आणि नगरपालिकेच्या अध्यक्षांनाही शिक्षा भोगावी लागली. या उठावातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्मा पुतळ्याजवळून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ही नावे पाठ आहेत. दिवाबत्ती, गटार आणि झाडलोट पाहण्यासाठी सरकारने ज्या संस्थेला कायदा करून दिला, तिने आपल्या छपरावर कोणाचे निशाण असावे हे स्वतः ठरवले. स्थानिक स्वराज्य या शब्दाला सोलापुरात अर्थ आला तो त्या दिवशी.

आणखी एका दिवसाची आठवण इथे ठेवली पाहिजे. जानेवारी १९३८ मध्ये नगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिले. उत्तरादाखल त्यांनी संसदीय लोकशाहीबद्दल विचार मांडले. एकाच पक्षाच्या माणसांना मान देण्याची तेव्हाची रीत सोडून या सभेने विरोधी विचाराच्या नेत्याला सन्मानाने बोलावले होते. सभागृहाचे मोठेपण मोजायचे असेल तर १९३० च्या झेंड्याइतकेच हे मानपत्रही मोजावे लागेल.

१ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि कारभार इंद्रभुवनात आला. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेला हा वाडा, त्याच्या भिंतींवरच्या मूर्ती, कमानी आणि नक्षी पाहायला आजही लोक थांबतात. तिला १९४९ चा महापालिका कायदा लागू झाला. दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा, तीही वीस तारखेच्या आत. सात दिवस आधी विषयपत्रिका. एक तृतीयांश सभासद आल्याशिवाय गणपूर्ती नाही. नियम कोरडे वाटतात, पण नागरिकाच्या हाती असलेला खरा आधार हाच. विषय पत्रिकेवर आला की तो छापला जातो, बोलला की इतिवृत्तात उतरतो, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना कोणी काय म्हणाले होते ते पुन्हा वाचता येते.

या सभेचे कामकाज ज्यांनी गॅलरीत बसून ऐकले आहे, त्यांना तिचा सूर ओळखता येतो. कामकाज मराठीत, पण शेजारच्या सभासदाशी बोलणे तेलुगूत, मागच्या बाकावर कन्नड, आणि रंगात आलेला सभासद मध्येच दखनीत शिरणार. पूर्वभागाचे नगरसेवक यंत्रमागाच्या वीजदरावरून पेटणार, गावठाणातले जुन्या ड्रेनेज लाइनवरून, हद्दवाढ भागातले रस्त्यावरून. एखादा विषय मंजूर होतो, एखादा उपसूचनेसह मंजूर, एखादा फेरसादर, एखादा दफ्तरी दाखल. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाली की पुढचे विषय आणखी पंधरा दिवस लांबतात, आणि ज्याच्या गल्लीत गटार तुंबलेले आहे त्याला तो पंधरवडा फार मोठा असतो. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून पाण्याची चर्चा बदलली, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये निवडून आलेल्या १०२ सभासदांत निम्म्या महिला होत्या. पाणी किती एमएलडी, म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर, उचलले यापेक्षा ते कोणत्या वेळी सुटते, हा प्रश्न त्यांनी लावून धरला.

तो प्रश्न का महत्त्वाचा, हे सोलापूरबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. इथे पाणी रोज येत नाही. तीन दिवसाआड, चार दिवसाआड, कधी त्याहून जास्त दिवसांनी येते. चावीवाला येऊन आपल्या गल्लीच्या पाण्याची चावी फिरवतो तेव्हा घड्याळात रात्रीचे दोनही वाजलेले असू शकतात. त्या वेळी घरातली बाई उठते, पाइप जोडते, टाकी, पिंप, कळशी, पातेली भरून घेते. तीच बाई सकाळी सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन विड्या वळायला बसते, कारण हजार विड्यांचा हिशेब पुरा करून त्या विडी कारखान्याच्या ब्रँचला द्यायच्या असतात. पाण्याची वेळ चुकली तर तिची झोप जाते किंवा मजुरी जाते. म्हणून चावी सोडण्याचे वेळापत्रक हा सोलापुरात धोरणाचा विषय आहे. ते वेळापत्रक सभागृहात मागितले गेले, वृत्तपत्रांत छापून आले, बदलले गेले, मोडले गेले, पुन्हा मागितले गेले.

पाणी मुळात येते कसे, तेही नीट पाहण्यासारखे आहे. एकरुख अपुरा पडला तेव्हा भीमेकाठी टाकळीहून पाणी आणले. भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथून थेट जलवाहिनीनेही पाणी आले. पण टाकळीसाठीचे पाणी नदीतूनच सोडावे लागते. उजनीचे दरवाजे उघडले की पाणी पंढरपूर, मंगळवेढा करत वाळूच्या पात्रातून आठ-दहा दिवस चालत औज बंधाऱ्यापर्यंत पोचते. वाटेत कोणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या शेतीपंपांची वीज बंद ठेवतात. काठावरचे शेतकरी चिडतात आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे आहे, कारण त्यांचा ऊस डोळ्यांदेखत वाळत असतो. शहराला प्यायला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी पात्रात सोडावे लागते, बाकीचे जिरते आणि उडते. जवळजवळ ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीची मागणी यातूनच आली. निविदा, दर, मक्तेदार, क्षमता, भूसंपादन या प्रत्येक पायरीवर ती वर्षानुवर्षे अडली. पाणी उजनीतून आले तरी ते शहरातल्या टाक्यांत साठले पाहिजे आणि जुन्या लाइन बदलल्या पाहिजेत, हे सभेत अनेकांनी अनेकदा सांगितले आहे. अंतर्गत वितरणाकडे दुर्लक्ष होऊन मोठ्या पाइपचीच चर्चा होते, ही तक्रार आजही तेवढीच खरी आहे.

१९९२ ची हद्दवाढ हे या संस्थेच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वळण. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एकदम १७८.५७ चौरस किलोमीटरचे झाले. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, दहिटणे, केगाव ही गावे शहरात आली. ग्रामपंचायत गेली, पण महापालिकेचा नळ, रस्ता आणि ड्रेनेज तिच्या मागोमाग आले नाहीत. कर मात्र शहराचा लागू झाला. 'हद्दवाढ भाग' हा शब्द तिथल्या माणसाच्या तोंडी तेव्हापासून आहे, आणि तीस वर्षांनंतरही तो जात नाही, यातच पुष्कळ काही आले. काळ्या मातीचा मुलूख. पावसाळ्यात या भागातली वाट अशी होते की चपला हातात घेऊन मुले शाळेत जातात, रिक्षावाला कोपऱ्यावरच सोडून देतो, आणि गरोदर बाईला खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. शेताचे गुंठे-गुंठे करून विकलेल्या जागेवर लोकांनी आयुष्यभराच्या कमाईची घरे बांधली. ले-आउट मंजूर नाही म्हणून रस्ता महापालिकेच्या ताब्यात नाही, ताब्यात नाही म्हणून त्यावर खर्च करता येत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची सोय केली, तरी अर्ज, मोजणी आणि विकास शुल्क यांत माणूस थकून जातो. हद्दवाढ भागातले नगरसेवक सर्वसाधारण सभेत याच विषयावर जितके बोलले आहेत तितके कदाचित दुसऱ्या कोणत्याच विषयावर बोलले नसतील, आणि ते बोलणे वाया गेले असे मी म्हणणार नाही. आज तिथे जे काही सिमेंटचे रस्ते, दिवे आणि लाइन आहेत ते त्या बोलण्यामुळेच आहेत.

शहराच्या आराखड्याची, म्हणजे डीपीची, गोष्ट जरा निराळी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी नागरिकांना तीस दिवस मिळतात. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार यांची नियोजन समिती सुनावणी घेते. या सुनावणीत गावचे खरे रूप दिसते. कोणी सात-बारा घेऊन येतो, कोणी जुनी मोजणी. कोणाच्या चार खोल्यांवरून पंधरा मीटरचा रस्ता गेलेला असतो, कोणाच्या एकुलत्या एका तुकड्यावर बागेचे आरक्षण पडलेले असते. गल्लीला मैदान हवे आहे हे त्यालाही मान्य असते, पण ते आपल्याच जागेवर का, हा त्याचा प्रश्न असतो. महापालिकेने मुदतीत जागा घेतली नाही तर खरेदी सूचना देऊन आरक्षण सुटू शकते, आणि तिजोरी रिकामी असलेल्या शहरात मैदाने, शाळा आणि दवाखान्यांच्या जागा अशाच निसटतात. म्हणून खरेदी सूचनेचा विषय पत्रिकेवर आला की सभागृहाने डोळ्यांत तेल घालून बसले पाहिजे.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकाने आले. आनंद साहजिक होता. रस्ते झाले, होम मैदान बदलले, सिद्धेश्वर तलावाचे काम झाले. पण ही कामे महापालिकेच्या सभेत ठरली नाहीत, त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली होती. कंपनीच्या संचालक मंडळावर सभागृहाचे मोजके प्रतिनिधी होते, बाकी निर्णय अधिकाऱ्यांचे. ज्या चौकाची खोदाई झाली त्या चौकातल्या दुकानदाराला कोणाला विचारावे तेच कळत नव्हते. नगरसेवक म्हणे आमच्याकडे काही नाही, आणि कंपनीच्या बैठकीला गॅलरी नसते. शहराच्या मध्यभागी एवढा पैसा आला आणि शेळगीचा नाला किंवा मजरेवाडीचा रस्ता तसाच राहिला, ही खंत त्या वर्षांत सभेत पुन्हा पुन्हा उमटली. शहरात होऊ घातलेल्या दोन उड्डाणपुलांच्या भूसंपादनाचेही असेच. मंजुरी, निधीतला हिस्सा आणि मोबदला यांचे कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जवळजवळ चार वर्षे सोलापुरात सर्वसाधारण सभा भरली नाही. प्रशासकाने कामे केली नाहीत असे नाही. निर्णय भराभर झाले, फायली अडल्या नाहीत, हेही लोक सांगतात. पण याच काळात शहराला हलवून सोडणारा एक प्रश्न आला. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. एका बाजूला विमानसेवा हवी म्हणणारे व्यापारी, उद्योजक, तरुण. दुसऱ्या बाजूला कारखान्यावर पोट असलेले ऊस उत्पादक आणि कामगार. दोन्ही बाजूंनी उपोषणे झाली, मोर्चे झाले, न्यायालयात धाव घेतली गेली. इतक्या मोठ्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवील अशी सभाच शहरात त्या वेळी नव्हती. चिमणी राहावी की जावी याबद्दल माणसामाणसाचे मत वेगळे असेल, पण त्या चर्चेला लोकांनी निवडून दिलेले घर मिळाले नाही, ही उणीव दोन्ही बाजूंच्या सोलापूरकरांची आहे. २०२५ मध्ये विमाने सुरू झाली. वाद मात्र मिटला नाही, तो अजून घराघरांत चालू आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि २६ प्रभागांतून १०२ सभासदांचे सभागृह पुन्हा भरले. चार जणांचा एक प्रभाग असला की एका गल्लीला चार नगरसेवक मिळतात आणि गटार तुंबल्यावर कोणाचे दार ठोठवायचे हे ठरत नाही, हा अनुभव २०१७ पासूनचा आहे. त्यावरचा उपाय कायद्यातच आहे. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या काही मतदान केंद्रांवरचे सगळे मतदार मिळून एक क्षेत्रसभा, तिचा अध्यक्ष नगरसेवक, आणि आपल्या भागातल्या कामांचा क्रम ठरवून तो वर कळवण्याचा तिला अधिकार. खेड्यात ग्रामसभेत माणूस जसा सरपंचाला हिशेब विचारतो तसा शहरात विचारता यावा, यासाठी हे होते. एकापेक्षा जास्त सदस्यांच्या प्रभागात क्षेत्र कोणाचे, अध्यक्ष कोण, हा गुंता उभा राहिला आणि तरतूद कागदावर पडून राहिली.

नव्या सभागृहाने पहिल्या वर्षात हा विषय घ्यावा. प्रभागातली मतदान केंद्रे तिथल्या सभासदांत वाटून घ्यावीत, आठही विभागीय कार्यालयांत त्याचा नकाशा लावावा, सभेची तारीख पाणीपट्टीच्या बिलावर छापावी, आणि नोंदी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही वाचून दाखवाव्यात. पहिली क्षेत्रसभा हद्दवाढ भागात भरवावी, आणि ती पावसाळ्यात भरवावी.